झाडावरची अळंबी : ओळख आधी, निर्णय नंतर

पर्जन्यकाळ स्थिरावला की मुंबईच्या उपनगरांतील वृक्षांवर एक निराळेच जग प्रकट होऊ लागते. काल संध्याकाळपर्यंत कोरड्या दिसणाऱ्या फांदीवर आज सकाळी इवल्या पांढऱ्या पंख्यांची रांग उभी असते. एखाद्या बुंध्याशी तांबूस, लाखेने मढवल्यासारखी चकाकणारी फळी बाहेर आलेली असते. वाळक्या खोडावर माणसाच्या कानासारखे काही मऊ, तपकिरी लोंबत असते. आमच्या जोगेश्वरीला एका अंगाने आरे वसाहतीचा शेजार आहे, इस्माईल युसुफ महाविद्यालयाची झाडांनी भरलेली टेकडी आहे, जुन्या वाड्यांतून तग धरून राहिलेले आंबे-फणस आहेत आणि गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत तीस-चाळीस वर्षांपूर्वी हौसेने लावलेले गुलमोहर, सोनमोहर व पर्जन्यवृक्ष आहेत. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर या काळात ‘झाडावर हे काय उगवले आहे?’ हा प्रश्न येथे अनेकदा कानी पडतो. त्या झाडाचे आयुष्य आणि त्याच्या सावलीत वावरणाऱ्यांची सुरक्षितता या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून आजच्या लेखासाठी हा विषय घेतला आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या स्वयंपाकघरात अळंबीला प्रवेश नाही. जी वस्तू खायची नाही, ती बारकाईने ओळखण्याचा प्रसंगही सहसा येत नाही. तथापि आपल्या भाषेने या जिवांची दखल घेतलेली आहे. अळंबी, भूछत्र, भुईफोड, कुत्र्याची छत्री अशी नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. श्वेतांबर आगमांतील प्रज्ञापनासूत्रात प्रत्येकशरीरी वनस्पतींचे जे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांत पहिला वृक्ष आणि शेवटचा ‘कुहण’ आहे. टीकाकारांनी कुहण म्हणजे भूमिस्फोट असा अर्थ दिला आहे. वृक्ष निराळा आणि भूमिस्फोट निराळा, हा भेद त्या गणनेत दिसतो.

आधुनिक विज्ञानाने मात्र दीर्घकाळ बुरशी व अळंबी यांना वनस्पतींच्याच पंक्तीत बसवले होते. १९६९ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ आर. एच. व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत विभागणी मांडली आणि कवकांना स्वतंत्र सृष्टीचा दर्जा दिला. त्यास सबळ कारणे होती. कवकांत हरितद्रव्य नसते, ती सूर्यप्रकाशापासून स्वतःचे अन्न तयार करू शकत नाहीत, आणि त्यांच्या पेशींच्या भिंतींत कायटिन हे द्रव्य असते. कीटकांचे कवच याच द्रव्याचे बनते. आजवर सुमारे दीड लाख कवकजातींना शास्त्रीय नावे मिळाली आहेत. पृथ्वीवर प्रत्यक्षात २२ ते ३८ लाख जाती असाव्यात, असा अंदाज २०१७ मध्ये अभ्यासकांनी मांडला आहे. तेव्हा आपल्या अंगणात उगवलेली अळंबी शेजाऱ्यांपैकी कोणालाच ओळखता आली नाही, तर त्यात नवल नाही.

दिसते ते फळ, घडते ते आत

अळंबीविषयीचा सर्वसाधारण समज असा की ती काल नव्हती आणि आज उगवली. वस्तुस्थिती निराळी आहे. आपल्याला दिसते ते त्या कवकाचे फळ होय. त्याचे खरे शरीर म्हणजे केसाहून बारीक तंतूंचे जाळे. ते लाकडाच्या आत अनेक महिने, पुष्कळदा अनेक वर्षे, पसरत असते. पुरेसे अन्न साठले आणि हवेत ओलावा आला, की बीजाणू पसरवण्यासाठी ते फळ बाहेर काढते. त्या फळाच्या तळाकडून एका दिवसात कोट्यवधी बीजाणू वाऱ्यावर सुटतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातही अशी समजूत होती की लाकूड आधी कुजते आणि त्या कुजण्यातून अळंबी जन्माला येते. जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यांनी १८७४ आणि १८७८ च्या ग्रंथांत याची उलट बाजू सिद्ध केली. लाकडातील तंतू आणि बाहेरचे फळ एकाच जिवाची अंगे असून लाकूड कुजते ते त्या तंतूंच्या कार्यामुळे, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले. वृक्षरोगांच्या शास्त्राचा पाया येथे घातला गेला.

बँकेतील उदाहरण द्यायचे तर कर्ज थकल्याची नोटीस ज्या दिवशी निघते, त्या दिवशी कर्ज बुडू लागलेले नसते. हप्ते चुकण्यास पुष्कळ आधी सुरुवात झालेली असते; नोटीस केवळ ती स्थिती उघड करते. बुंध्यावरची अळंबी ही अशीच नोटीस आहे. ती फाडून टाकल्याने खाते नियमित होत नाही. मात्र प्रत्येक पत्र म्हणजे थकबाकीची नोटीस नव्हे, हेही तितकेच खरे. पत्र न वाचताच मालमत्ता जप्त करायला निघणे जितके अविचाराचे, तितकेच झाडावर काहीतरी दिसले म्हणून कुऱ्हाड मागवणे अविचाराचे.

एक बैठक, दोन झाडे

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या एका बैठकीत हा विषय निघाला होता. आवारात दोन झाडांवर ‘बुरशी’ आल्याची तक्रार होती. फाटकालगतच्या गुलमोहराच्या बुंध्याशी तळहाताएवढ्या दोन चकचकीत, तांबूस फळ्या दिसत होत्या. मागील बाजूच्या पर्जन्यवृक्षाच्या खोडावर राखाडी-हिरवे पापुद्रे पसरले होते आणि त्याच्या एका वाळलेल्या फांदीवर पांढरे पंखे ओळीने उगवले होते. गुलमोहराच्या बाबतीत कोणी फारसे चिंतेत नव्हते; फळ्या दोनच होत्या आणि झाड हिरवेगार होते. पर्जन्यवृक्ष मात्र ‘संपूर्ण बुरशीने ग्रासलेला’ दिसत होता. एका सभासदाने दोन्ही झाडे तोडण्यासाठी अर्ज करण्याचा ठराव मांडला. दुसऱ्या सभासदाने फळ्या खरवडून त्या जागी चुना लावण्याचा उपाय सुचवला. तिसऱ्या एका ज्येष्ठ भगिनींनी सांगितले की ही तांबडी अळंबी चीनमध्ये महाग औषध म्हणून विकली जाते, ती वाळवून ठेवावी.

तीन सूचना झाल्या, पण ती वस्तू कोणती आहे, हा प्रश्न अद्याप कोणी विचारला नव्हता. बँकेत खाते उघडताना ग्राहकाची ओळख पटवण्याचे जे शिस्तबद्ध काम असते, ते येथे आधी होणे आवश्यक होते. निर्णय आठ दिवस पुढे ढकलावा आणि तोवर दोन्ही झाडांची नीट नोंद करावी, इतके त्या बैठकीत ठरले.

ओळखीचे सहा प्रश्न

अशी नोंद करण्यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. वही, मोबाइलचा कॅमेरा, एक छोटा आरसा आणि थोडा वेळ पुरतो. फळ तोडण्याचीही गरज नाही.

पहिला प्रश्न : झाड कोणते? काही कवके ठरावीक झाडांनाच जवळ करतात, त्यामुळे यजमान वृक्षाचे नाव हा पहिला पुरावा.

दुसरा प्रश्न : झाडाच्या कोणत्या भागावर? मुळाशी, बुंध्यावर, मधल्या खोडाच्या जखमेवर की वाळक्या फांदीवर? सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत मोलाची माहिती हीच. तुटलेल्या फांदीवरची अळंबी त्या फांदीविषयी बोलते. बुंध्याशी आलेली अळंबी संपूर्ण झाडाच्या आधाराविषयी बोलते.

तिसरा प्रश्न : आकार व पोत कसा? देठ आहे की फळी थेट खोडाला चिकटलेली आहे? हाताला मऊ, चिवट की लाकडासारखी कठीण?

चौथा प्रश्न : खालची बाजू कशी? फळीखाली आरसा धरून पाहावे. तेथे कागदाच्या घड्यांसारख्या पट्ट्या असतात, की टाचणीने टोचल्यासारखी सूक्ष्म छिद्रे? ओळख पटवताना वरच्या रंगापेक्षा खालची रचना अधिक विश्वासार्ह असते. कारण ऊन, पाऊस आणि वय यांनुसार रंग बदलतो.

पाचवा प्रश्न : बीजाणूंचा रंग कोणता? फळीखाली रात्रभर पांढरा आणि काळा असे दोन कागदाचे तुकडे ठेवावेत. सकाळी त्यांवर पडलेली भुकटी पांढरी, गुलाबी की कोकोसारखी तपकिरी, हे पाहावे.

सहावा प्रश्न : काळाबरोबर काय बदलते? चार दिवसांत विरघळणारी अळंबी आणि वर्षानुवर्षे एकेक थर वाढवणारी फळी यांच्यात मोठे अंतर आहे. म्हणून छायाचित्र काढताना शेजारी रुपयाचे नाणे ठेवावे, तारीख लिहावी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे.

नेहमी भेटणारी मंडळी

या प्रश्नांच्या आधारे आपल्या परिसरातील पुष्कळशी मंडळी कुळापर्यंत तरी ओळखता येतात.

पर्जन्यवृक्षाच्या खोडावरचे राखाडी-हिरवे पापुद्रे म्हणजे शैवाक. कवक आणि शैवाल यांची ही भागीदारी आहे : शैवाल सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करते, कवक त्याला आसरा व ओलावा देते. शैवाक झाडाच्या सालीचा उपयोग केवळ बसण्याच्या जागेसारखा करते. त्यातून अन्न शोषत नाही आणि झाडाला अपाय करत नाही. गोड्या मसाल्यातील दगडफूल हे शैवाकच होय, हे कित्येक गृहिणींना ठाऊक नसते. उलट शैवाकांचा एक उपयोगच आहे. पॅरिसमधील बागांत वाढणाऱ्या शैवाकांवरून हवेच्या शुद्धतेचा अंदाज बांधता येतो, असे विल्यम निलँडर या अभ्यासकाने १८६६ मध्येच नोंदवले होते.

वाळक्या फांदीवरचे पांढरे, केसाळ, नखाएवढे पंखे म्हणजे ‘शिझोफिलम कम्यून’. जगात सर्वाधिक ठिकाणी आढळणाऱ्या कवकांत त्याची गणना होते. त्याच्या खालच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने दुभंगलेल्या असतात. कोरड्या हवेत त्या आत वळून मिटतात आणि पाऊस पडताच पुन्हा उघडतात. ते मुख्यतः मृत लाकडावर वाढते. त्याचा अर्थ ती फांदी मेलेली आहे, एवढाच घ्यावा.

कानासारखी मऊ, तपकिरी अळंबी ‘ऑरिक्युलेरिया’ कुळातील असते. तीही बहुधा मृत लाकडावरच येते. लाकडावर कोळशाच्या गोळ्यांसारखे काळे, कठीण गोटे दिसले आणि तुटलेल्या गोट्यात कांद्याच्या चकतीसारखी वलये आढळली, तर ते ‘डाल्डिनिया’. कापून ठेवलेल्या ओंडक्यांवर शेंदरी रंगाच्या पातळ फळ्या येतात, त्या ‘पिक्नोपोरस’ कुळातल्या. पावसाळ्यात कुंडीवर वा पाचोळ्यावर एकाएकी पिवळाधमक, फेसाळ गोळा दिसतो आणि तो जागा बदलतो म्हणून घरातले घाबरतात. तो कवकच नव्हे. श्लेष्मकवक नावाच्या वेगळ्या गटातला तो जीव आहे, आणि माणसाला वा झाडाला त्याचा उपद्रव नसतो.

बुंध्याची चकचकीत फळी

गुलमोहराच्या मुळाशी आलेली फळी मात्र या मंडळींपैकी नव्हती. वरून तांबूस-तपकिरी आणि रोगण दिल्यासारखी चमक, कडेला पांढरट पिवळी किनार, खाली सूक्ष्म छिद्रे, लाकडासारखा कठीणपणा, आणि आसपासच्या गवतावर कोकोच्या भुकटीसारखा तपकिरी थर. ही सर्व लक्षणे ‘गॅनोडर्मा’ या कुळाकडे बोट दाखवतात. १८८१ मध्ये फिनलंडचे पीटर कार्स्टन यांनी या कुळाची स्थापना केली. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘चकाकणारी त्वचा’ असा होतो.

येथे ओळखीची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. भारतात अशी कोणतीही चकचकीत अळंबी दिसली की तिला ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’ म्हणण्याचा प्रघात आहे. ते नाव मुळात १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या एका नमुन्यावरून विल्यम कर्टिस यांनी दिलेल्या वर्णनातून आले आहे. पुढे जगभरातल्या सारख्या दिसणाऱ्या अनेक जातींना तेच चिकटले. चीनमधील प्रसिद्ध ‘लिंगझी’ ही स्वतंत्र जात असल्याचे अभ्यासकांनी मांडले आणि तिला ‘गॅनोडर्मा लिंगझी’ हे नाव दिले, तेही २०१२ मध्ये. म्हणजे आडनाव छायाचित्रावरून सांगता येते. नावासाठी बीजाणूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि जनुकीय परीक्षा लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह आहे आणि ज्येष्ठ कवकतज्ज्ञ एस. एल. अजरेकर यांच्या नावाचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रहही आहे. १९४६ मध्ये ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेला १९९२ मध्ये संस्थापक प्रा. शं. पु. आघारकर यांचे नाव देण्यात आले. कवकांची शास्त्रीय ओळख पटवून देण्याचे काम तेथे होते.

तथापि गृहनिर्माण संस्थेला जो निर्णय घ्यायचा असतो, त्यासाठी आडनाव पुरेसे असते. लाकडाला बळ देणारे दोन मुख्य घटक म्हणजे सेल्युलोज आणि लिग्निन. गॅनोडर्मा कुळातील कवके यांतील लिग्निनही पचवू शकतात, आणि हे काम मुळांत व बुंध्यात करतात. लाकूड पांढुरके, तंतुमय आणि स्पंजासारखे होत जाते. पाणी वाहून नेणारा लाकडाचा थर सालीलगत, बाहेरच्या बाजूस असतो. तो शाबूत असेपर्यंत पाने हिरवी राहतात, फुलेही येतात. आतला आधार गेलेला असतानाही झाड प्रसन्न दिसते ते यामुळे. कोकणातील व दक्षिणेतील बागायतदारांना हा शत्रू जुना आहे. कर्नाटकात सुपारीच्या बागांत होणाऱ्या अशाच बुंधाकुजीला ‘अणबे रोग’ म्हणतात. कानडीत अणबे म्हणजे अळंबी. तमिळनाडूत नारळावरील याच कुळातील रोग ‘तंजावर मर’ या नावाने ओळखला जातो.

काढा नको

बैठकीतील औषधाच्या सूचनेचाही विचार करायला हवा, कारण अशी सूचना अनेक घरांत होत असते. झाडावरच्या अळंबीचा औषधी उपयोग आपल्याकडे नाही असे नव्हे. फणसाच्या खोडावर ‘फेलिनस’ कुळातील घोड्याच्या खुरासारखी कठीण, काळसर फळी येते. तिला फणसाळंबे किंवा फणसांबा म्हणतात. लहान मुलांची लाळ अति गळू लागली की ती सहाणेवर उगाळून देण्याची रीत पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात आहे. पुण्याचे कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या परंपरेची नोंद शोधनिबंधांत केली आहे.

परंतु परंपरेने ओळखलेली वस्तू जाणत्या वैद्याने मोजून देणे आणि रस्त्यालगतच्या झाडावरून अनोळखी फळी काढून घरी काढा करणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जातीची खात्री नाही, झाडावर कोणती फवारणी झाली ते ठाऊक नाही, घेणाऱ्याला रक्त पातळ करणारी वा मधुमेहाची औषधे चालू असू शकतात. अशा स्थितीत उत्तर एकच : काढा नको. मोबाइलवरील छायाचित्र ओळखणाऱ्या साधनाने दिलेले नाव हाही खाण्यासाठीचा पुरावा नव्हे.

निर्णय

मुंबई महापालिकेच्या २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या वृक्षगणनेनुसार शहरात २९ लाख ७५ हजारांहून अधिक झाडे आहेत. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाच्या वाऱ्याने त्यांपैकी दोन हजारांहून अधिक कोसळली. वादळ नसतानाही झाडे पडतात. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळले आणि तिचे प्राण गेले. प्रत्येक पडलेल्या झाडामागे कवक असते असे नाही. मुळांवर ओतलेले काँक्रीट, केबलसाठी खणलेले चर, एकाच बाजूने केलेली छाटणी ही कारणेही तितकीच मोठी आहेत. पण ज्या झाडाने बुंध्याशी फळी काढून इशारा दिला आहे, त्याच्याकडे दुर्लक्ष करणे कोणालाही परवडणारे नाही.

आमच्या संस्थेने छायाचित्रे व नोंदी जोडून महापालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान विभागाकडे पाहणीसाठी अर्ज केला. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी गुलमोहराच्या बुंध्यावर लाकडी हातोडीने ठोकून पाहिले. एका बाजूस भरीव आणि रस्त्याकडच्या बाजूस पोकळ असा आवाज स्पष्ट वेगळा येत होता. मुळांच्या बेचक्यात घातलेली लोखंडी सळई सहज वीतभर आत गेली. त्याच जागी सकाळी शाळेच्या बसची वाट पाहत मुले उभी राहतात. पर्जन्यवृक्षाचे खोड सर्व बाजूंनी भरीव निघाले.

महाराष्ट्रात १९७५ च्या नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणविषयक अधिनियमानुसार आवार स्वतःचे असले तरी झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. परवानगीपूर्वी झाडावर सूचना लावून हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून विशेष संरक्षणही मिळाले आहे. ही प्रक्रिया अनेकांना कंटाळवाणी वाटते. पण आमच्या बैठकीतील मूळ ठराव तसाच अमलात आला असता, तर एक निरोगी वृक्ष निष्कारण गेला असता. आणि चुन्याचा उपाय मान्य झाला असता, तर धोकादायक झाड पांढऱ्या रंगाखाली झाकून उभे राहिले असते. शेवटी गुलमोहर रीतसर परवानगीने उतरवला गेला. कापलेल्या बुंध्यात सालीलगतचे जेमतेम चार बोटे लाकूड शाबूत होते. पर्जन्यवृक्षाची केवळ ती वाळकी फांदी काढली गेली. तो आजही उभा आहे, आणि त्याच्यावरचे शैवाकही.

झाडांच्या वतीने काही विनंत्या

अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून अभ्यासली आणि १९७७ मध्ये एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून त्याला कोंडून टाकते, आणि सर्वांत भक्कम भिंत ही जखमेनंतर वाढलेल्या नव्या लाकडाची असते. यावरून काही व्यवहारी नियम निघतात.

झाडाची ढोली खरवडून तीत सिमेंट भरू नये. खरवडताना झाडाने उभारलेली भिंतच फुटते. फांदी कापावी लागली तर ती खोडाला जेथे मिळते, तेथील फुगीर कडा राखून कापावी. खोडाशी सपाट कापू नये आणि लांब खुंटही सोडू नये. खोडात खिळे ठोकू नयेत, दिव्यांच्या माळांच्या तारा आवळू नयेत. बुंध्याभोवती माती मोकळी ठेवावी. दिल्लीतील झाडांसंदर्भात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. तो निकष आपल्या आवारातही पाळण्यासारखा आहे. बुंध्याशी फळी दिसल्यास ती खरवडू नये, कारण पाहणी करणाऱ्यासाठी तोच पुरावा असतो. झाड नव्याने झुकले, मुळांजवळची माती उचलली गेली वा भेगाळली, तर त्याखालची वाहने व माणसे तत्काळ हलवून महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवावे.

आणखी एक. गॅनोडर्मा झालेले झाड उतरवले तरी त्याचे तंतू जमिनीतल्या खुंटात व मुळांत पुष्कळ काळ टिकून राहतात. म्हणून त्याच खड्ड्यात लगेच तेच झाड लावू नये. शक्य तितका खुंट काढावा आणि नवे रोप थोडे दूर लावावे. आम्ही चार-पाच मीटर अंतर सोडून ताम्हण लावले आहे. महाराष्ट्राचे राज्यफूल म्हणून मान असलेला हा वृक्ष आकाराने आटोपशीर असतो, आणि लहान आवारांना तो मानवतो.

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस संस्थेच्या दोन सभासदांनी वही घेऊन आवारातील प्रत्येक झाडाभोवती एक फेरी मारावी आणि सप्टेंबरमध्ये दुसरी. झाडाचे नाव, बुंध्याची स्थिती, काही उगवले असल्यास त्याची जागा व छायाचित्र, इतके नोंदवले तरी पुरे. तीन वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, की कोणते झाड खंबीर आहे आणि कोणते खचते आहे, हे कोणालाही वाचता येईल. अशा वहीला खर्च येत नाही, आणि पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यालाही तिचा मोठा आधार होतो. ज्या संस्थांच्या आवारात अशी वही अद्याप नाही, त्यांनी याच पावसाळ्यात ती सुरू करावी.